डॉक्टर, आत काय चाललंय ते सांगाल का?

गेल्या अंकात कवळीची निगा कशी राखावी यावर लिहिलं होतं. त्यावरची पत्रं आलीच, पण या वेळी त्यांच्याबरोबर निराळी पत्रंही आली. त्यांत दातांबद्दल कमी आणि दातांच्या डॉक्टरांबद्दल जास्त लिहिलेलं होतं. डॉक्टरानं वागावं कसं, हा सगळ्यांचा मूळ प्रश्न. म्हणून कवळीची पत्रं पुढच्या महिन्यावर ढकलते आणि आज या चारांना उत्तर देते.

मी साताऱ्यात १९९४ पासून दवाखाना चालवते आहे. पेशंट खुर्चीत आडवा झाला की त्याला वरचा दिवा, माझा मास्क आणि छताचा पंखा एवढंच दिसतं. तोंडात कापूस, थुंकी ओढणारी नळी आणि माझी बोटं असतात, त्यामुळे बोलायची सोय नाही. स्वतःची मागची दाढ त्यानं जन्मात पाहिलेली नसते. आत काय आहे आणि मी काय करते आहे, हे त्याला कळायचं तर माझ्याच तोंडून. ही गोष्ट मनात ठेवून पुढची उत्तरं वाचा.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी उजव्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल करून वर कॅप बसवली. महिनाभर चावताना दुखतंय. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी एक्सरे काढला आणि म्हणाले, मुळात सुईचा तुकडा मोडून राहिलाय. "काय करून ठेवलंय हे!" असंही म्हणाले. पहिल्या डॉक्टरांनी मला यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. माझी फसवणूक झाली का? तक्रार करू का? — एक वाचक, कराड

ताई, तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या आधी सुट्या करते. सुई मोडणं ही एक आणि मोडल्याचं न सांगणं ही दुसरी.

ज्याला तुमच्या डॉक्टरांनी सुई म्हटलं तिला आम्ही फाइल म्हणतो. दाढेच्या मुळातली नळी साफ करायची ती कानस. पंधरा नंबरच्या फाइलचं टोक ०.१५ मिलिमीटरचं असतं, पंचवीस नंबरचं ०.२५ मिलिमीटरचं. खालच्या दाढेच्या पुढच्या मुळातल्या नळ्या बहुतेक वेळा वाकड्या असतात. त्या वळणावर फाइल फिरताना धातू थकतो आणि तुटतो. मशीनवर चालणाऱ्या निकेल-टायटॅनियमच्या फाइली तर पुष्कळदा बाहेरून धडधाकट दिसतात आणि आत गेल्यावर मोडतात. एकच फाइल वाजवीपेक्षा जास्त वेळा वापरली किंवा जोर लावला तर मोडते, तेव्हा तो हलगर्जीपणा. पण सगळी काळजी घेऊनही मोडते. ज्यानं वर्षानुवर्षं रूट कॅनाल केली आहेत आणि ज्याच्या हातून फाइल कधीच मोडली नाही, असा डॉक्टर मला अजून भेटलेला नाही.

माझ्या हातून मोडली ती २००३ साली. पेशंट एसटीचे कंडक्टर होते. वीस नंबरची फाइल, मी हातानं फिरवत होते. बोटांना एकदम काही जाणवेनासं झालं. बाहेर काढली तर नेहमीपेक्षा आखूड. माझ्या मदतनीस बाईंनी फाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. कंडक्टर पंख्याकडे बघत पडलेले. त्यांना काहीच कळलं नव्हतं आणि मी न सांगते तर कधी कळलंही नसतं. खरं सांगते, दहा-पंधरा सेकंद माझ्या मनात तेच आलं होतं. भरून टाकावं, दुखलं तर बघू.

मग दिवा बंद केला, खुर्ची सरळ केली, मास्क काढला. एक्सरे घेतला. त्या वेळी फिल्म डब्यात हात घालून धुवावी लागायची. क्लिपला लटकवलेली ओली फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून त्यांना दाखवली. मुळाच्या खालच्या टोकाकडे पांढरी, नखाच्या कातरणाएवढी रेघ होती. म्हटलं, "काका, ही माझ्या हत्याराची टोकाची बाजू. आत मोडली. नळी बऱ्यापैकी साफ झाल्यावर मोडली, त्यामुळे दाढ टिकायची शक्यता चांगली आहे. पण खात्री देत नाही. पुण्याला एका तज्ज्ञांना दाखवू, तो खर्च माझा." त्यांनी फिल्म हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि विचारलं, "म्हणजे खिळा राहिला म्हणायचं आत?" मी हो म्हटलं. पुण्याच्या तज्ज्ञांनी तुकडा न काढता बाजूनं वाट काढली आणि नळी भरून दिली. पुढे दर वर्षी ते एक्सरेला येत राहिले, निवृत्त होऊन गावी जाईपर्यंत. दाढ शाबूत होती.

तुमच्या बाबतीत पहिल्या डॉक्टरांना तुकडा राहिल्याचं कळलं नसेल, असं मानणं अवघड आहे. फाइल आखूड झालेली हाताला कळते, आणि रूट कॅनालनंतरच्या एक्सरेतही ते दिसायला हवं. सांगायला हवं होतं, लिहून ठेवायला हवं होतं. ते केलं नसेल तर चूक तिथे आहे. मोडण्याची क्षमा होऊ शकते, लपवण्याची मला तरी करता येत नाही, कारण त्यामुळे तुमचा पुढचा सगळा निर्णय तुमच्या हातून गेला. दोन वर्षांपूर्वीच कळलं असतं तर तुम्ही कॅपवर पैसे घालण्याआधी तज्ज्ञाकडे गेला असतात.

दुसऱ्या डॉक्टरांबद्दलही बोलते, म्हणजे नाराज होऊ नका. "तुकडा दिसतोय" हे त्यांनी सांगितलं ते बरोबरच. ते दडवणं म्हणजे एका डॉक्टरानं दुसऱ्याला पाठीशी घालणं. पण "काय करून ठेवलंय" हा निकाल झाला, आणि तो द्यायला त्या दिवशी ते तिथे नव्हते. तुमचं तोंड किती उघडत होतं, नळी किती वाकडी होती, यातलं त्यांना काही ठाऊक नाही. आमच्या धंद्यात आधीच्या डॉक्टरचं काम बघून 'च्च च्च' करायची वाईट खोड आहे. पेशंट घाबरतो आणि आपल्याकडे राहतो, म्हणून ती जातही नाही.

आता काय करायचं ते सांगते. तुकडा आहे म्हणूनच दुखतंय असं नाही. साफ न झालेल्या भागात जंतू राहिले असतील, कॅपखालून किडलं असेल, दाढेला चीर असेल. रूट कॅनालमध्ये एम.डी.एस. (पदवीनंतरचं तज्ज्ञ शिक्षण) केलेल्या डॉक्टरांना दाखवा. सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा काढता येतो का, बाजूनं जाता येतं का, मुळाचं टोक शस्त्रक्रियेनं कापावं लागेल का, की दाढच काढावी, हे ते सांगतील. पहिल्या डॉक्टरांकडेही एकदा जा. भांडायला नको, कागद मागायला जा. तेव्हाचे एक्सरे आणि नोंदी मागणं हा तुमचा हक्क आहे. "मला सांगितलं का नाही?" हेही विचारा. पुष्कळ तंटे या एका प्रश्नाच्या सरळ उत्तरानं मिटलेले मी पाहिले आहेत. उडवाउडवी झाली तर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे तक्रार करता येते. नुकसानभरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच स्पष्ट केलं. तिथे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, म्हणून त्या बाजूचा विचार असेल तर वकिलांना लगेच विचारा, दिवस घालवू नका.

प्रश्न : वय ७६. पुढचा एक दात थोडा हलतो. डॉक्टरांनी टकटक करून पाहिलं, एक्सरे काढला आणि म्हणाले, "राहू दे, काही करायचं नाही." आणि ३०० रुपये घेतले. काही केलंच नाही तर पैसे कसले? — एक निवृत्त शिक्षक, वाई

गुरुजी, दात काढला असता तर त्यांना याहून जास्त मिळाले असते. तुम्हाला भूल द्यायची, दात काढायचा, मग खोटा दात बसवायचा, असं मोठं बिल तिथे सहज झालं असतं. तुमच्या वयाला, तुमच्या हाडाला काय झेपेल याचा हिशेब करून त्यांनी हात मागे घेतला. ते ३०० रुपये त्या हिशेबाचे. एक्सरे मागून घ्या आणि जपून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा, दोन एक्सरे शेजारी ठेवले की हाड किती उतरलं ते कळतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना सांगा, पण स्वतःहून बंद करू नका.

प्रश्न : मी बी.डी.एस. होऊन दोन वर्षं झाली. पुण्यात एका मोठ्या साखळी दवाखान्यात टक्केवारीवर काम करते. दर महिन्याला टार्गेट असतं. सिमेंट भरून भागेल तिथे रूट कॅनाल आणि कॅप लिहायला सांगतात. स्वतःचा दवाखाना टाकायचा म्हटलं तर आजूबाजूचे डॉक्टर पेशंट पाठवायचा कट मागतात. कॉलेजात नीतिनियम पाठ केले होते, ते इथे कुठे बसवू? — एक वाचक, पुणे

तुला 'तू'च म्हणते, माझ्या मुलीच्या वयाची आहेस. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुला प्रश्न पडतो आहे, हे बघून फार बरं वाटलं. ज्यांना पडायचा थांबतो त्यांची मला काळजी वाटते.

दाढेच्या खाचेतली काळी रेघ तू रोज बघतेस. हवेचा फवारा मारून दाढ कोरडी केली, नीट उजेडात पाहिली, रेघेच्या कडेला पांढुरकं किंवा आतून करडं काही नाही, एक्सरेत काही नाही, तर तो चहाचा, पानाचा डाग. ती रेघ एकीच्या दवाखान्यात "लक्ष ठेवू" असते, दुसरीच्या दवाखान्यात सिमेंट असते आणि तिसरीकडे महिनाअखेर जवळ आली की रूट कॅनाल आणि कॅप होते. दाढ तीच. पेशंटला तिन्ही वेळा आरशात काळं दिसतं, आणि तो तिन्ही वेळा मान हलवतो. एकदा ड्रिल लागलं की दाताचं वरचं कठीण वेष्टन परत येत नाही, हे तुला मी सांगायला नको.

म्हणून मी स्वतःसाठी एक सवय लावून घेतली, ती तुला देते. कार्डावर आधी काय दिसलं ते लिहायचं, उपचार नंतर. "खालची डावी सहावी दाढ, खाचेत डाग, कडक, एक्सरे स्वच्छ" एवढं लिहून झालं की खाली "रूट कॅनाल" लिहायला हात धजत नाही. तोंडातल्या कॅमेऱ्यानं फोटो काढ आणि पेशंटला दाखव. मराठीत समजाव. काय काय करता येईल ते सांगताना 'आत्ता काहीच न करणं' हाही पर्याय असेल तर तो सांग. सूज नसेल, ठणका नसेल, तर घरी जाऊन विचार करून या म्हण. आज खुर्चीवरून उठून गेलेला पेशंट परत येत नाही असं तुला तिथे शिकवलं असेल. माझे आले.

कटाचं म्हणशील तर मी आले तेव्हाही होता. पहिल्याच महिन्यात एका डॉक्टरांनी निरोप धाडला होता, तीस टक्के. मी नाही म्हणून कळवलं, आणि त्यांचे पेशंट यायचे थांबले. हे मी मोठेपणानं सांगत नाही, ते वर्ष फार वाईट गेलं. खुर्ची आणि कॉम्प्रेसर कर्जावर होते, हप्ता महिन्याच्या सात तारखेला. दुपारी दवाखाना रिकामा असायचा, तेव्हा मी शाळांमध्ये जाऊन मुलांचे दात तपासले. मेढ्याच्या बाजूला रविवारी शिबिरं घेतली. तिथे मिश्री लावणाऱ्या बायका यायच्या, हिरड्यांवर पांढरे चट्टे घेऊन. त्यांच्या लेकी, सुना नंतर माझ्या पेशंट झाल्या. दोन वर्षं लागली.

कट द्यायचा तर तो येतो कुठून, हे मांडून बघ. दोन हजारांच्या कामातले सहाशे बाहेर गेले, तर एक तर तू सव्वीसशे लावणार, नाही तर स्वस्त सिमेंट, स्वस्त लॅब, फाइल आणखी चार वेळा वापरणार. म्हणजे वरच्या ताईंची दाढ. दंतवैद्यांच्या २०१४ च्या आचारसंहितेत पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन देणं आणि घेणं, दोन्हीला मनाई आहे. नियम तुझ्या बाजूचा आहे, तो पुढे करायला लाजू नकोस. "मला नोंदणी गमवायची नाही" एवढं म्हटलं की समोरचा पुष्कळदा गप्प होतो.

आणि नोकरीचं. टार्गेटपर्यंत सहन कर, पेशंट बोलावून आणा म्हणाले तर आण, दात साफ करायला लोकांना तयार करणं काही पाप नाही. पण जिवंत, निरोगी नस काढायला लावली तर नाही म्हण आणि आपलं नाव त्या कार्डावर लागू देऊ नकोस. सही तुझी आहे, नोंदणी क्रमांक तुझा आहे, उद्या साखळी दवाखान्याचा मॅनेजर तिथे नसेल. तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडला की ती जागा सोड. लहान गावात ये. आमच्याकडे तालुक्याच्या ठिकाणी चांगल्या हाताची गरज आहे. मशीन नवंच हवं असं नाही, हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह मात्र नवा घे.

प्रश्न : मी एचआयव्ही बाधित आहे. अकरा वर्षं गोळ्या नियमित चालू आहेत, तब्येत चांगली आहे. खालची दाढ ठणकते. दोन दवाखान्यांत आजार सांगितला. एकानं "मशीन बंद आहे" म्हटलं, दुसऱ्यानं सगळे पेशंट संपल्यावर रात्री साडेनऊला बोलावलं आणि मग फोन उचलला नाही. आता सांगूच नये का? — एक वाचक, सोलापूर

दादा, आमच्या सगळ्यांच्या वतीनं माफी मागायचा मला अधिकार नाही. माझी माफी मात्र एका माणसाची मागायची राहिली आहे, ती आधी लिहिते.

१९९७ मध्ये कोरेगावकडून एक गवंडी आले होते. गाल सुजलेला, हाताच्या रेघांत सिमेंट. बाकावर माझ्या शेजारी वाकून त्यांनी हळू आवाजात आजार सांगितला. कुणी न विचारता स्वतःहून सांगितला, माझ्या काळजीनं. मी म्हटलं, "इथे सोय नाही, मुंबईला जा." सोय होती. आतल्या खोलीत ऑटोक्लेव्ह होता, हातमोजे होते. ते "बरं मॅडम" म्हणाले, केसपेपर घडी करून खिशात ठेवला आणि गेले. ते गेल्यावर मी बाक फिनाइलनं पुसून घेतला. ते परत आले नाहीत. त्या सुजेचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

मी जे केलं त्याला शास्त्राचा आधार नव्हता. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशाला १५ मिनिटं किंवा १३४ अंशाला तीन मिनिटं पूर्ण मिळाली की हत्यारावर काही जिवंत राहत नाही, एचआयव्ही तर याहून फार नाजूक. सुई टोचली गेली तरी एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीन. लस न घेतलेल्या डॉक्टरला हेपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात सहा ते तीस. आणि हेपॅटायटिसचे कितीतरी पेशंट, आपल्याला तो आहे हे स्वतःलाच ठाऊक नसताना, आमच्या खुर्चीत बसून जातात. म्हणजे काळजी घ्यायची तर प्रत्येकाच्या वेळी सारखीच घ्यायची. ज्या दवाखान्यात तुमच्यासाठी वेगळी हत्यारं काढावी लागतात, तिथे बाकीच्यांनी बसावं की नाही याचा विचार करावा. मी हेपॅटायटिसच्या लसीचे तिन्ही डोस त्या गवंड्यांनंतरच्या वर्षी घेतले. तोवर घेतले नव्हते.

सांगावं का, तर कायद्यानं तुमच्यावर जबरदस्ती नाही. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ चा, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्या आजारावरून उपचार नाकारणं हा त्याखाली भेदभाव आहे. तरी मी म्हणेन, सांगता आलं तर सांगा, तुमच्याचसाठी. तुम्ही घेता त्या गोळ्यांबरोबर आम्ही लिहिलेली काही औषधं चालत नाहीत, आणि दाढ काढायची तर रक्ताचे रिपोर्ट बघावे लागतात. रात्रीची शेवटचीच वेळ दिली तर "का?" म्हणून विचारा. पुन्हा नाकारलं तर कारण लेखी मागा.

पण हे सगळं नंतर. ठणका आहे म्हणता, तर या आठवड्यातच दाखवा. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास झाला तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. तुमच्या एआरटी केंद्रातल्या, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथल्या, समुपदेशकांना विचारा, दातांसाठी कुठे पाठवतात ते त्यांना माहीत असतं. जाताना केंद्राचं पुस्तक, चालू गोळ्यांची नावं आणि रक्ताचा शेवटचा रिपोर्ट बरोबर ठेवा. सोलापुरात जमलं नाही तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा, माझ्याकडे या. सकाळी दहाची, दवाखाना उघडतो तेव्हाची वेळ देईन.